अर्ज तिकडे, वावर इकडे

वाशिमात मला पोरं पळवणारी बाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, लग्नाच्या पंगतीत मागच्या रांगेतून ऐकू येतं. अमक्याचा पोरगा जर्मनीला गेला, तमक्याची सून दुबईला गेली, घरात म्हातारी एकटी उरली, की खापर शेवटी माझ्या दुकानावर फुटतं. मी म्हणते, फोडा. बस स्टँडच्या बाजूला माझी एक खोली आहे. तिच्यात दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर विमानाचं चित्र असलेलं कॅलेंडर. मी तिकिटं काढते, विसाचे कागद लावून देते. कोणाच्या पायात दोरी बांधून मी कोणाला ओढून नेलेलं नाही. जायचं ते जातातच, मी फक्त त्यांना चुकीच्या विमानात बसू देत नाही.

या अंकाचे संपादक दुकानात आले तेव्हा म्हणाले, ताई, तुमचा प्रवास लिहा. माझा प्रवास काय बाप्पा, शेलूबाजार ते वाशिम. शेलूबाजारच्या चौकात नवऱ्याच्या जीपच्या सीटा भरता भरता मी रेल्वेची तिकिटं काढायला लागले, मग विमानाची. बाईमाणसानं चौकात उभं राहून "मंगरूळ, मंगरूळ" ओरडावं हे तेव्हाही लोकांच्या पोटात दुखलं होतं. ते सगळं सांगत बसले तर अंकात जाहिरातींना जागा उरायची नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकं सांगते.

धनजचे एक निवृत्त गुरुजी होते. मुलगा ऑस्ट्रेलियात. त्यांच्या विमानाची वेळ नेमकी राहुकाळात आली. मला म्हणाले, कंपनीला फोन करून विमान जरा आधी सोडायला सांगा, तुमची जीप नाही का सांगितलं की थांबायची. मी हसले नाही, धंद्यात हसून चालत नाही. मी म्हटलं, गुरुजी, प्रस्थान ठेवा. शुभ वेळेला घरातून एक पिशवी काढून दुसऱ्याकडे नेऊन ठेवली, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं आपल्याकडे धरतात. त्यांची पिशवी माझ्या टेबलाखाली राहिली. आत सुपारी, हळकुंड आणि एक बनियन. राहुकाळातल्या विमानाची मग काय बिशाद. परत आल्यावर त्यांनी मला कांगारूचं चित्र असलेला टॉवेल आणून दिला, तो मी अजून वापरते.

असे विनोद सांगायला मजा येते, पण या धंद्यात लोक माझ्याकडे खरं म्हणजे तिकिटासाठी येतच नाहीत. तिकीट आता शाळेतली पोरंही मोबाईलवर काढतात. लोक येतात ते भीती घेऊन. काय चालतं, काय चालत नाही, कोणत्या कागदावाचून अडेल, कोणी परत पाठवेल का. त्यातली सगळ्यात मोठी भीती समजायची तर थोडं समजावून सांगावं लागेल.

बाहेरच्या देशात राहणारे तीन तऱ्हेचे. विसावर गेलेला तो पाहुणा, मुदत संपली की त्यानं चपला घालायच्या. दुसरा पीआरवाला, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळालेला. तो घरजावई. राहतो, कमावतो, कर भरतो, पण मत देता येत नाही आणि खिशात पासपोर्ट भारताचाच. तिसरा तिथला नागरिक झालेला. पीआरवर काही वर्षं प्रत्यक्ष तिथे राहून काढली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मग चौकशी, परीक्षा आणि शेवटी शपथ. शपथ झाली की माणूस तिकडचा झाला. आपला कायदा दोन दोन देशांची नावं लावू देत नाही, त्यामुळे भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो.

आता अर्ज टाकल्यापासून शपथेपर्यंत बराच काळ जातो, वर्षही जातं. तेवढ्यात इकडे कोणाचं लग्न निघतं, कोणी आजारी पडतं. यायचं की नाही? कॅनडाचं विचाराल तर उत्तर साधं आहे. अर्ज टाकल्यावर देशाबाहेर जायला बंदी नाही. पीआरचं कार्ड मुदतीत असावं, नाहीतर परतीच्या विमानात चढू देत नाहीत. तिकडून काही विचारणा झाली तर उत्तर द्यावं, कारण गप्प बसलेल्या माणसाचा अर्ज ते बंद करून टाकतात. आणि शपथेच्या दिवशी त्या देशातच असावं. एवढं पाळलं की खुशाल या, मायच्या हातची भाकर खा आणि परत जा.

पण साधं उत्तर कोणाला पटतं? कारंज्याचा एक इंजिनिअर बहिणीच्या लग्नाला आला आणि हळदीच्या धामधुमीत त्याच्या कार्डाची मुदत संपली. कोणाच्या लक्षात आलं नाही. परत जाण्यासाठी त्याला वकिलातीतून वेगळा कागद मिळवावा लागला, त्यात नोकरी जायची पाळी आली. चूक कार्डाची मुदत न पाहण्याची. पण गोष्ट गावोगाव फिरली ती अशी, की अर्ज केलेला माणूस भारतात आला की त्याचा अर्ज कचऱ्यात टाकतात. हे असं पहिल्यांदा म्हणणारा फोकनाड्या मला सापडला तर मी त्याला बस स्टँडच्या मधोमध उभा करीन. कारण त्याच्या त्या एका वाक्यानं अनसिंगच्या सुषमाचं जे गेलं ते कोणी भरून देणार नाही.

अनसिंगच्या अलीकडे कांताबाईंचा मळा आहे. विहिरीचं पाणी, काळी जमीन, बारा महिने हिरवं. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बाहेरच्या वाचकांनी इडली शोधू नये. कांताबाई स्वतः पाट्या घेऊन वाशिमच्या बाजारात बसतात. लेक सुषमा नर्स झाली, नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. तिचं पहिलं तिकीट मीच काढलं होतं. तेव्हा तिचे वडील माझ्या दुकानात येऊन विमानात खिडकीजवळची सीट मागून गेले होते, पोरीला ढग दिसावे म्हणून.

तिकडे काही वर्षं काढल्यावर सुषमानं नागरिकत्वाचा अर्ज टाकला आणि घरी फोन करून तसं सांगितलं. अर्ज टाकला, एवढंच म्हणाली होती बिचारी. पण आमच्याकडे अर्ज टाकणं आणि काम होणं यात लोक अंतर ठेवत नाहीत. पोलीस भरतीचा फॉर्म भरलेल्या पोराला गाव दुसऱ्या दिवसापासून साहेब म्हणायला लागतं, मग तो धावण्यात नापास होवो. सुषमाचा भाऊ गजानन, मनानं वाईट नाही, पण मोठेपणाचा भुकेला. त्यानं अनसिंगच्या थांब्यावर फ्लेक्स लावला. कॅनडा देशाच्या नागरिक झाल्याबद्दल सौ. सुषमाताई यांचे हार्दिक अभिनंदन. सुषमाचा फोटो टिकलीएवढा, गजाननचा दाराएवढा, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय. वडील मात्र रोज संध्याकाळी थांब्यावर जाऊन तो फ्लेक्स पाहून यायचे.

काही महिन्यांनी वडील गेले. छातीत दुखलं आणि मळ्यातच बसले. सुषमा आली नाही. आम्हाला वाटलं, लांबचा प्रवास, सुट्टी नसेल, घरी लहान मुलगी आहे. तेरवीच्या जेवणात लोक बोललेच, कॅनडाची झाली बाप्पा, आता कुठची माय अन् कुठचा बाप. कांताबाई ऐकत होत्या आणि वाढत होत्या.

त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाला कांताबाई माझ्या दुकानात आल्या. वांग्यांची पाटी बाहेर ठेवली, आत येऊन खुर्चीवर न बसता खालीच बसल्या. म्हणाल्या, गजानननं सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचा अर्ज दिला, त्यात दोनच नावं आहेत, माझं आणि त्याचं. पोरीचं नाव नाही. रस्त्याला लागून जमीन, प्लॉट पाडणारे लोक येऊन बघून गेले. गजानन म्हणतो, माय, आता तू थकली, कायले चिखलात राबतं, इकून टाकू. तलाठ्यानं सुषमाचं विचारलं तर गजानननं सांगितलं, ते परदेशी झाली, सगळ्या गावानं फ्लेक्स पाह्यला.

मामला स्वच्छ होता. तिघांची नावं लागली तर तिघांच्या सह्यांशिवाय मळा विकता येत नाही. सुषमाचं नाव लागलं नाही तर कांताबाई एकीकडे आणि गजानन एकीकडे, आणि कांताबाई राहतात गजाननच्या घरात, खातात त्याच्या बायकोच्या हातचं. किती दिवस नाही म्हणतील? म्हणजे सुषमाचं नाव लागलं तर मळा राहणार होता, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे मुरूम पडणार होता.

आमच्याकडे बहिणीनं वावरातला हिस्सा सोडून द्यायची रीत आहे. हक्कसोड म्हणतात. भाऊ साडी-चोळी देतो, बहीण सही देते, आणि मग दर दिवाळीला माहेरी मान राहतो. सही न देणाऱ्या बहिणीला लोक असं बघतात जसं तिनं भावाच्या ताटातलं उचललं. मीही सही केलेली आहे. ती साडी केव्हाच विरली, पण सही तशीच आहे. म्हणून कांताबाई बोलत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात आग जायला लागली होती. मी म्हटलं, सुषमाला बोलवा. सुनावणीत स्वतः उभी राहू द्या.

कांताबाई म्हणाल्या, "ते नाही येऊ शकत बाई. तिनं अर्ज केला ना. देस सोडला तं अर्ज मरते म्हने. म्हनून तं बापाच्या मातीले आली नाही."

मी तिथूनच सुषमाला फोन लावला. तिकडे सकाळ होत होती, ती ड्युटीवरून नुकती आली होती. मी रामराम न घालता विचारलं, देश सोडता येत नाही हे तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, सगळेच सांगतात काकू. आमच्या ग्रुपवर आहे. कारंज्याच्या एकाचं असंच झालं. मी तिला सगळं सांगितलं, कारंज्याच्या कार्डाची गोष्ट, नियम काय, बंदी कशाला नाही. तिच्या कार्डाची मुदत विचारली, भरपूर होती. मी म्हटलं, भैताड पोरी, मला एक फोन करायचा होता.

ती म्हणाली, "म्हंजे काकू, मी बाबाच्या वक्ताले येऊ शकत होती?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण मी हो म्हणाले. कांताबाई खाली बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं. सुषमा रडली असेल, मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं तिचा आवाज आला तो एकदम कोरडा होता. म्हणाली, तिकीट काढा.

ती आली. नवरा आणि मुलगी तिकडेच, शाळा चालू होती. विमानतळावरून सरळ मळ्यात गेली, वडील जिथे बसले होते तिथे बसून आली आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज देऊन आली. मुखत्यारपत्र पाठवता आलं असतं, तेही मी सांगितलं होतं. पण कोणाच्या नावानं पाठवणार? मायच्या नावानं दिलं तर मायवर दबाव, आणि भावकीत दुसरं कोण भावाच्या विरोधात उभं राहणार? शिवाय तिला ते नकोच होतं. एकदा घाबरून राह्यली काकू, म्हणाली, आता नाही.

गावात बोभाटा झाला. बहीण कॅनडातून वावर मागाले आली. तिले काय कमी हाये? डॉलर कमावते अन् भावाच्या वांग्यावर डोळा. बायाही बोलल्या, बायाच जास्त बोलल्या. सुषमा मायबरोबर सकाळी भाजी तोडायची आणि बाजारात पाटीवर बसायची. लोक मुद्दाम भाव विचारायला यायचे आणि कॅनडात वांगी कशी किलो म्हणून टोमणा मारायचे. ती सांगायची, तिकडे महाग आहेत, इथूनच घ्या. पोरगी ऐकून घेणाऱ्यातली नव्हती, मला ती फार आवडायला लागली.

तो फ्लेक्स तोवर थांब्यावरून उतरला होता. कांताबाईंनी तो रोपांच्या वाफ्यावर सावलीसाठी बांधला होता. गजाननचं तोंड खालच्या बाजूला आलं होतं, मेथीकडे बघत.

सुनावणीची तारीख लागली आणि त्याच आठवड्यात सुषमाला तिकडून ईमेल आली. शपथेचं बोलावणं. तारीख अशी की सुनावणीच्या आधी निघालं तरच पोचता येईल. ती मोबाईल घेऊन माझ्या दुकानात आली. मी वाचलं आणि एका क्षणात धंदेवाली बाई झाले. म्हटलं, पोरी, आजच तिकीट काढते. शपथ घे आधी. इतकी वर्षं बर्फात काढली ती कशासाठी? सुनावणीची पुढची तारीख मागून घेऊ. तारखा मागणं हा तर आपल्याकडे हक्कच आहे.

ती म्हणाली, पुढची तारीख मिळाली आणि मी इथे नसले तर दादा मायला घेऊन जाईल, मायचा अंगठा घेईल. मी म्हटलं, आणि तिकडे तू गेली नाहीस आणि त्यांनी अर्जच बंद केला तर? मी तिला नीट बसवून सांगितलं. कारण देऊन दुसरी तारीख मागता येते, हे खरं. ते बहुतेक देतातही. पण बहुतेक म्हणजे नक्की नाही. मी इतकी वर्षं या कागदांत आहे, मला 'बहुतेक' या शब्दाची भीती वाटते. नवऱ्याला विचार, मुलीचा विचार कर. मी चक्क तिच्यावर ओरडले.

तेव्हा ती जे बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं. म्हणाली, "तो देश मले दुसरी तारीख देईल, काकू. दादा देनार नाही."

आणि माझ्याच कॉम्प्युटरवर बसून तिनं उत्तर लिहिलं. वडील वारले, वारसाहक्काची सुनावणी आहे, मला हजर राहणं भाग आहे, कृपया दुसरी तारीख द्यावी. पाठवून टाकलं. मग बाहेर जाऊन आम्हा दोघींना चहा सांगितला. माझा चहा गार झाला, तिनं स्वतःचा गरम पिऊन टाकला.

सुनावणी अनसिंगलाच, मंडळ अधिकाऱ्याच्या कचेरीत. सुषमानं मला सोबत नेलं, तिच्या पासपोर्टाचं आणि कार्डाचं काही विचारलं तर सांगायला. एक टेबल, मागे साहेब, बाकावर आम्ही. बाहेर अर्धं गाव. गजानन इस्त्रीचे कपडे घालून आला होता. बहिणीकडे बघत नव्हता. कांताबाई मधोमध बसल्या, एका बाजूला लेक आणि एका बाजूला मुलगा, दोघांनाही खेटून.

गजानननं सांगितलं ते त्यानं मनाशी घोकलेलं होतं. बहीण परदेशी नागरिक आहे, परदेशी माणसाला इथे शेती ठेवता येत नाही, म्हणून तिचं नाव लावू नये. साहेबांनी विचारलं, पुरावा काय? गजानननं मोबाईल पुढे केला. त्यात फ्लेक्सचा फोटो.

साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. बोटानं मोठा करून पाहिला. मग विचारलं, हा फ्लेक्स कोणी लावला? गजानन म्हणाला, म्या. साहेब म्हणाले, ह्याच्यावर कोणाचा शिक्का आहे का? बाहेर कोणीतरी फिसकन हसलं. मला हसू आलं नाही, कारण गजाननचे कान लाल झाले होते आणि मला एकदम आठवलं की तो फ्लेक्स त्यानं खरोखर अभिमानानं लावला होता.

साहेबांनी सुषमाचा पासपोर्ट मागितला. भारताचा पासपोर्ट. मग तिला विचारलं, तुम्ही नागरिकत्वाचा अर्ज केला आहे का? मी मनात म्हटलं, आता सांभाळ. सुषमानं काही सांभाळलं नाही. म्हणाली, हो, केला आहे. शपथेची तारीखही आली होती, ती काल होती. मी गेले नाही, इथे आले. मग तिनं साहेबांना विचारलं, "ज्या दिवशी माहे बाबा गेले त्या दिवशी मी कोनाची होती, साहेब?"

साहेब तरुण होते, नवीन होते, पण कायदा वाचलेले होते. त्यांनी गजाननला समजावलं. बाप गेला त्याच क्षणी तिघांचा हक्क झाला. ती तेव्हा इथलीच नागरिक होती, आजही आहे. उद्या ती तिकडची झाली तरी वारशानं आलेली जमीन जात नाही. परदेशी माणसाला इथे शेती विकत घेता येत नाही, ही गोष्ट वेगळी. इथे कोणी काही विकत घेत नाहीये. गजानन म्हणाला, पण रीत हाये साहेब. बहिनी हक्क सोडून देतात. साहेब म्हणाले, सोडतात. त्या सोडतात, तुम्ही खोडत नाही.

मग त्यांनी कांताबाईंना विचारलं, मयताला अपत्यं किती? नुसता नोंदीचा प्रश्न. पण उत्तर देणाऱ्या बाईला संध्याकाळी त्याच मुलाच्या घरी जेवायचं होतं. कांताबाईंनी पदर सारखा केला. एकदा गजाननच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाल्या, "मले दोन लेकरं हायेत. हे एक बसेल हाये अन् हे एक. दोघायचं नाव लिव्हा."

नावं लागली. तिघांची. गजानन बाहेर येऊन गाडीला किक मारत राहिला, ती लागेना. सुषमा त्याच्याजवळ गेली. वावर तूच कर दादा, मायला विचारून कर, मला त्यातलं काही नको, फक्त विकू नको, असं काहीतरी म्हणाली. गाडी लागली आणि तो निघून गेला. कांताबाई आमच्याबरोबर ऑटोनं आल्या. त्या रात्री सुनेनं भाकर वाढली, गजानन ताटावरून उठून गेला. पुढे बरेच दिवस त्यानं मायशी बोलणं टाकलं. मग विहिरीची मोटर बिघडली, आणि मोटर काही भांडण ओळखत नाही, तेव्हा बोलला.

सुषमा परत गेली तेव्हा तिकडून उत्तर आलेलं नव्हतं. तिला गाडीत बसवताना मी शंभर सूचना दिल्या आणि मला स्वतःलाच झोप नव्हती. तिनं मोकळं मन ठेवलं, भीती मी वाहिली. पुष्कळ वाट पाहायला लावून दुसरी तारीख आली. ती शपथ घेऊन नागरिक झाली. या वेळी फ्लेक्स लागला नाही. कांताबाईंनी बाजारात माझ्या पिशवीत मेथीची जुडी जास्तीची टाकली, तेवढंच.

मला पोरं पळवणारी म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे. जाणाऱ्यांना मी थांबवणार नाही. येणाऱ्यांना जे घाबरवून थांबवतात त्यांना विचारा, किती मायबापांची माती तुम्ही बुडवली. सुषमाच्या वडिलांच्या वेळची ती हुकलेली फेरी मला अजून सलते. माझं दुकान तिच्या घरापासून एक फोन लांब होतं, आणि तो फोन तिच्या हातून त्या ग्रुपवाल्या शहाण्यांनी काढून घेतला.

या वर्षी वडिलांच्या तिथीला सुषमाला यायचं होतं. भारताचा पासपोर्ट तिनं नियमाप्रमाणे परत केलेला, म्हणून आता तिला अनसिंगला यायला विसा लागणार. इतकी वर्षं मी इथल्या माणसांना बाहेरचे विसे काढून दिले, इथे यायचा विसा माझ्याकडे पहिल्यांदा आला. ती तिकडून फोनवर, कांताबाई माझ्या समोर, या वेळी खुर्चीवर बसलेल्या. अर्जात येऊन अडलो ते एका प्रश्नावर. भारतात कोणाकडे जाणार, त्याचं नाव आणि पत्ता. मी कांताबाईंचं नाव टाकायला लागले तर त्यांनी विचारलं काय लिहिता. मी सांगितलं, तुमच्याकडे पाहुणी येणार असं.

कांताबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "पाव्हनी नोको लिहू. ते सोताच्या वावरात येऊन राह्यली."

नावाच्या जागी नाव लागतंच, ते मी कांताबाईंचं टाकलं. पत्त्याच्या जागी सुषमाच्या वावराचा गट नंबर घातला. विसा आला.